मुतिंताच्या पळ्या

चोमा गावची मुतिंता सहा माणसांचं रांधायची आणि हाताशी येईल ते पातेलं ढवळत राहायची. भोपळ्याच्या पाल्यात शेंगदाण्याचं कूट घातलं की तिला राहवत नसे. मग कूट तळाशी जाऊन करपायचं.

"कूट वर पसरायचं आणि शिजेपर्यंत हात लावायचा नाही," दुसऱ्या जमातीतली शेजारीण नामुकोलो म्हणाली. "पण तुला मेलीला ते जमायचं नाही."

मुतिंतानं घरातल्या झाडून सगळ्या पळ्या आणून नामुकोलोच्या ओट्यावर आपटल्या. मग घरी चुलीपुढे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

तासाभरानं ती पुन्हा दारात उभी.

"भाजी तुझ्यापेक्षा बरी झालीय. आता एक पळी दे. न्शिमासाठी मक्याचं पीठ घोटायचंय, का तुमच्यात तेही नुसतं बघत बसतात?"