मगरीचं म्युझिक दुबईला गेलं

"अम्मा, टेपवरची कॅसेट कुठं हाय?"

सासू तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली, "दिली गो. शेजारचा पोरगा आज दुबईला निघाला ना. तुझा जबाब भरलेला दिसला, दिली."

लेक कडेवर, एकच चप्पल पायात, तशीच दासगावच्या फाट्यापर्यंत धावले. एसटीचा मागचा पत्रा तेवढा वळणावर दिसला. हाका मारल्या, कोण ऐकतंय?

नवरा तिकडं कामाला. माझी शाळा चौथीतच सुटली, लिवायला जड जातं, म्हणून तो चिठ्ठी नाय, कॅसेट पाठवायचा. एका बाजूला तो बोलायचा. दुसऱ्या बाजूला मी जबाब भरायचा, नि गावातला जो कोण तिकडं जाईल त्याच्या हाती द्यायचा. आमच्याकडं घरोघरी असंच.

धाकटा दीर महाडला कॉम्प्युटर शिकत होता. तो नि त्याचा दोस्त मिळून गेम बनवत होते. सावित्री नदीत होडी, मागं मगर. सगळं हलत होतं, पण मुकं.

"भाभी, लेकीला निजवताना तू मनाचंच कायतरी गुणगुणतेस ना, ते दे. म्युझिकवाला आम्हाला कोण देणार?"

मी हसले. मग नादच लागला. होडीला पाळण्यासारखं हूं-हूं. मगरीला तव्यावर उलथणं, आधी हळू, मग भरभर. दीर बोलायचा, शेवट असा पायजे की सुरवातीला जाऊन चिकटेल, खेळणारा दमला तरी फिरत राहील. तो काय चिकटायचा नाय. पुन्हा भरा. पुन्हा. सगळं दुपारी, अम्मा शेजारी गेली की.

घरात कोरी कॅसेट नव्हती. माझी जबाबाची बाजू मोकळीच होती. दीर बोलला, "यातच भर. झालं की महाडला नेऊन कॉम्प्युटरात उतरवतो, मग वरून तुझा जबाब भर."

त्या बाजूला काय हाय ते मला पाठ हाय. मी हसते. दीर बोलतो, "दार लाव भाभी, कोंबड्यांचा आवाज येतो." दाराची कडी वाजते. मग कोणच बोलत नाय. मग माझं हूं-हूं. मग दीर, "मस्त! अजून येकदा!" गेमचं नाव कुठंच नाय. मगरीचा तवा पार शेवटी. तोवर कोणता नवरा ऐकत बसेल?

दिराला सांगितलं तर आधी फिदीफिदी हसला. "भाई बोलेल, बायको येडी झाली!" मग माझं तोंड बघून बोलला, "मी सांगू भाईला?"

"तू सांगितलंस तर अजून वाईट दिसेल रे."

जुम्म्याला वाण्याच्या दुकानात फोन आला. अम्मा माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. वाण्यानं तराजू धरून ठेवलेला, गिऱ्हाईकं पण गप.

नवरा खुशीत होता. "कॅसेट पोचली गो! आता जेवतो नि ऐकतो. लेक बोलते काय त्यात?"

ऐकू नको बोलावं, तर का नको? खरं सांगावं, तर सासूसमोर, बाजारासमोर, दिरासोबत दार लावून गाणं भरलं म्हणून कसं सांगावं? गप बसावं, तर तो जेवून उठणारच.

"बोल ना गो," तो बोलला.

अम्मानं कोपर मारलं. "बोल की!"

तुम्ही सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय बोलला असता?