एका टीव्हीपुढच्या दोन खुर्च्या

निनाद, इरा, तुम्हाला मी सहसा रागात लिहीत नाही. राग आला की मी आधी कपाट आवरते आणि मग लिहायला बसते. या वेळी घरातली दोन्ही कपाटं आवरून झाली तरी राग तसाच आहे. गेल्या रविवारी फोनवर पल्लवीचं सांगितलं तेव्हा निनाद म्हणाला, "आजी, हरायला लागलं की सगळ्यांचीच लाइट जाते," आणि हसला. इरा, मागून तूही हसलीस, मला ऐकू आलं. त्यानंतर मी शहापूरहून मुरबाडला जाऊन आले. कशासाठी गेले आणि काय पाहिलं ते क्रमाने सांगते.

पल्लवी तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या शेजारची. चोवीस वर्षांची आहे, वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. निनाद जे गेमचं मशीन इथे ठेवून गेला, त्यावर ती दोन वर्षं आपल्या पुढच्या खोलीत मारामारीचा गेम खेळते. इंटरनेटची लाइन मी तुमची तोंडं दिसावीत म्हणून घेतली होती. ती आता पल्लवीच जास्त वापरते, आणि मी शेंगा सोलत शेजारी बसते. बसून बसून मलाही कळायला लागलं आहे की कोण नुसती बटणं बडवतं आणि कोण वाट पाहून मारतं. पल्लवी वाट पाहते.

यंदा एक मोठी स्पर्धा होती. शेवटच्या सोळा जणांना पुण्याला बोलावून समोरासमोर खेळवणार होते, पण तिथवर पोचायच्या फेऱ्या सगळ्या ऑनलाइन. पल्लवी शेवटच्या फेरीपर्यंत गेली. समोरच्याने स्वतःचं नाव 'सिद्धगड' ठेवलं होतं. दोघांनी दोन-दोन डाव जिंकले, पाचव्यात पल्लवीची लाथ बसली, त्याची ताकद दाखवणारी पट्टी नखाएवढी उरली, आणि वीज गेली. आपल्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, टीव्ही चालत नाही. वीज परत येईपर्यंत तिच्या नावापुढे 'सामना सोडला' असं लागलं होतं. खेळाडूंच्या ग्रुपवर त्या सिद्धगडने एकच शब्द टाकला होता: 'पळाली'. वर तीन महिन्यांची बंदी.

वीज कधी गेली आणि कधी आली हे मी वहीत लिहून ठेवते, तुमचे आजोबा हसायचे त्याला. त्या पानाचा फोटो जोडून मी आयोजकांना शुद्ध इंग्रजीत पत्र पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. लाइन सांभाळणं ही खेळाडूची जबाबदारी आहे, म्हणे. पल्लवीने काय भातसानगरला जाऊन धरणाच्या भिंतीवर स्वतः वीज काढायची?

सिद्धगड नावाचा माणूस मुरबाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो हे ग्रुपवरूनच कळलं. मी वही पिशवीत घातली.

"जाऊ दे गो आजी," पल्लवी म्हणाली. "तिथं जाऊन काय भांडायचं?"

"भांडायचं नाही. विचारायचं."

"तुमी विचारता ते पण भांडल्यासारखंच वाटतं."

तरी तिने सुट्टी टाकली आणि आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. सापगावच्या पुलावरून भातसा नदी दिसली. हे पाणी खंड न पडता मुंबईला पोचतं, आणि धरणाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आम्हाला रविवारी दुपारी अखंड एक तास वीज मिळत नाही, हे मी मोठ्याने बोलले. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी मान डोलावली आणि परत झोपले.

भातकापणी झाली होती. शेतांत नुसती धसकटं, आणि जागोजागी उडव्या (कापलेल्या भाताच्या भाऱ्यांच्या रचलेल्या राशी). किन्हवलीला टायर पंक्चर झालं. कंडक्टर म्हणाला, "आजी, खाली उतरा, पाय मोकळे करा, टाइम लागंल." कोपऱ्यावर गरम कांदाभजी मिळाली. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "कुठं चालल्या दोघी?"

"भांडायला," पल्लवी म्हणाली.

"मंग अजून एक प्लेट घ्या. उपाशी पोटी आवाज निघत नाय."

सरळगावच्या पुढे डावीकडे सह्याद्रीची रांग दिसू लागली. मी पल्लवीला त्यातला सिद्धगड किल्ला दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. "ग्रुपवर एवढा मोठा नव्हता वाटत," ती म्हणाली. सकाळपासून तेवढंच हसली.

दुकान एसटी स्टँडपासून जवळच होतं. तिशीचा एक माणूस कपाळावर भिंग चढवून फोन उघडून बसला होता. त्याचं नाव दिनेश. पल्लवी थेट काउंटरपुढे उभी राहिली.

"मी पल्लवी. शहापूरची. पळाली ती."

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला तो वाकला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ वाकलेला राहिला.

मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने पान वाचलं. "आजी, माझ्या स्क्रीनवर आलं, समोरच्याने सामना सोडला. मी काय समजू? आणि ती हरत होती तेव्हा."

"कोण हरत होतं?" पल्लवीचा आवाज चढला. "माझी लाथ बसलेली."

"नाय बसली."

"मी बघितली!"

"मी पण बघितलं. मी मागे सरकलो होतो."

दोघंही खरं बोलत होते. ते मला त्यांच्या तोंडांवर दिसत होतं, आणि तिथेच मला सगळ्यात जास्त राग आला. दिनेशने मग नीट समजावलं. लाइनवर खेळताना लॅग येतो (बटण दाबणं आणि ते समोरच्याकडे पोचणं यांतली ढिलाई). तेवढ्या वेळात मशीन समोरच्याची पुढची हालचाल अंदाजाने दाखवतं. अंदाज चुकला तर मागे येऊन दुरुस्त करतं. लाथेच्या क्षणीच लाइन गेली, तर दुरुस्त करायला कुणी उरत नाही. म्हणजे शहापूरच्या टीव्हीवर एक मारामारी चालली होती आणि मुरबाडच्या टीव्हीवर दुसरी. या खेळात पापणी लवण्याच्या आत निकाल लागतो. मग निकाल कुठल्या मारामारीचा द्यायचा? आयोजकांनी लाइन शाबूत असलेल्याचा दिला. याला मी निकाल म्हणत नाही.

"तुम्ही दोघं एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर," मी म्हणाले. "एकत्र बसून खेळतो असं त्यांना का नाही सांगितलं?"

"मी विचारलेलं, आजी. फेरीच्या आधीच. नियमात बसत नाय, बोलले."

मी वही मिटली. त्याच्यावरचा माझा राग तिथे संपला, आयोजकांवरचा वाढला.

दुकानामागच्या खोलीत जुना टीव्ही होता आणि त्यापुढे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. "पाच डाव," पल्लवी म्हणाली आणि बसली. तिथली एक पद्धत मला फार आवडली. प्रत्येक डावानंतर दोघं उठतात, खुर्च्या बदलतात आणि कंट्रोलरही बदलतात. बटण अडलं, बाजू वाईट होती, असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून. उठताना दिनेश घामेजलेला कंट्रोलर शर्टाला पुसून तिच्या हातात देत होता.

"श्वास रोखतेस तू मारायच्या आधी," तिसऱ्या डावानंतर तो म्हणाला. "ऑनलाइन कळलं नाय कधी."

"तू पण जीभ बाहेर काढतोस," ती म्हणाली.

पुन्हा दोन-दोन झाले. पाचव्यात पल्लवीने तीच लाथ मारली. तो मागे सरकला, आणि या वेळी आम्ही तिघांनी ते एकाच टीव्हीवर पाहिलं. लाथ हवेत गेली. त्याने दोन फटक्यांत डाव संपवला.

 पल्लवीने कंट्रोलर खाली ठेवला. "हां," ती म्हणाली. "आता हरले."

तिचा चेहरा स्पर्धेच्या दिवसापासून इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

दिनेशच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवता जेवता त्याने ग्रुपवर लिहिलं: 'ती पळाली नव्हती. लाइट गेलेली. आज दुकानात येऊन खेळली. माझा शब्द मागे घेतो.' आयोजकांचं उत्तर आमचा हात वाळायच्या आत आलं: निकाल आणि बंदी कायम. मी तिथेच पुन्हा पत्र लिहायला घेतलं. दिनेश म्हणाला, "आजी, एक मात्र आहे. लाइन नसती तर ही मला भेटलीच नसती. मुरबाडात माझ्याशी खेळणारं कोण नाय."

ते मला मान्य करावं लागलं, आणि तुम्हालाही ते मान्य करूनच सांगते. लाइनवर माणूस सापडतो, सराव होतो. तुम्ही दोघं मला लाइनवरच भेटता. पण कोण जिंकलं, आणि त्याहून जास्त, कोण पळालं, हे ठरवायला माणसं शेजारी बसवावी लागतात. ज्यांच्याकडे वीज जात नाही त्यांनी हसत हसत ते ठरवू नये. निनाद, फोन कर, पण मला नको, पल्लवीला कर.

परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर झोपली. घरी पोचलो तेव्हा वीज गेलेली होती. मी वेळ लिहिली.

बंदी उठलेली नाही. मुरबाडच्या दुकानामागे तो टीव्ही आहे, दोन खुर्च्या आहेत, आणि तिथे प्रत्येक डावानंतर बाजू बदलतात.