उंदरांचं वाक्य

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. हे जिच्याबद्दल आहे ती त्याची सख्खी बहीण, म्हणून तर नाहीच. आता सांगते आहे, पण मान खाली घालून नाही. बिचारी म्हणून कुणी माझी पाठ थोपटावी, असलं काही मला नको आहे.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. नवरा देवासच्या कारखान्यात, आणि मी घरी बसून मराठी पुरवण्यांसाठी विज्ञानावर लिहायची. जनुकं, कर्करोग, जैवतंत्रज्ञान. इंदूरहून इंग्रजी मासिकं मागवायची, समजून घ्यायची आणि सोपं करून लिहायची. सोपं करणं मला छान जमायचं — जरा जास्तच छान.

एक लेख होता, गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळ्याच बंद पाडणाऱ्या औषधावर. रक्तपुरवठा तुटला की गाठ विरते. प्रयोग उंदरांवर झालेला, माणसांवर अजून काही नव्हतं. पहिल्या खर्ड्यात ते वाक्य होतं. मग मी ते खोडलं. संपादकांनी सांगितलं होतं? नाही. जागा कमी होती? तीही नाही. उंदीर आले की लेखाची हवाच जात होती. मी तिथे ‘रुग्ण’ लिहिलं आणि लेख टपालात टाकला.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, धारच्या जुन्या घराण्यात दिलेली. लेख छापून आला त्या चैत्रात त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले, तेव्हा मला माहीत होतं — त्यांच्या छातीत गाठ निघाली होती, इंदूरच्या डॉक्टरांनी स्तन काढायला सांगितलं होतं, आणि दवाखान्यात न्यायची बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. डाळ, पन्हं झालं, आणि वन्संनी कौतुकाने माझा लेख काढून मुलीच्या, सुखदाच्या, हातात दिला. ती हिंदी शाळेत शिकलेली. दोन ओळींत थांबली. “मामी, तुम्हीच वाचा ना. मराठी पढताना मी अटकते.”

मी वाचला. अगदी रंगवून वाचला. उंदीर जिथे असायला हवे होते तिथे माझा आवाज अडखळला — मला ते अजून ऐकू येतं. एक वाक्य तोंडी घालायला काय लागत होतं? पण खोलीभर बायका माझ्याकडे बघत होत्या. आपणच खोटं लिहिलं, हे त्यांच्यासमोर सांगायचं? मी पुढे वाचत राहिले.

“अगं, मग कापाकापी कशाला?” वन्सं म्हणाल्या. “थांबते मी थोडी. येईल ना हे औषध?”

“येईल की,” मी म्हणाले, आणि आणखी थोडी डाळ घेतली.

पलंगाखालची बॅग रिकामी झाली. फोनवर त्या दर वेळी औषधाचं विचारायच्या, मी दर वेळी बघते म्हणायची. गाठ वाढल्यावर त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा रोग पसरला होता. वर्ष सरायच्या आत वन्सं गेल्या.

मग घरात ठरलं की त्या ऑपरेशनला भ्याल्या. नवरा आजही तेच म्हणतो. सुखदाही म्हणते, “आई डर गई थी, मामी.” आणि मी मान हलवते. खोडलेल्या वाक्यापेक्षा या मान हलवण्याची मला जास्त किळस येते.

त्या तशाही गेल्या असत्या, असं मला कुणी समजावू नका. या रोगावर इतकं लिहिलंय, की त्या आडोशाला मी उभी राहणार नाही. सगळेच थोडं रंगवून लिहितात, हेही नको. लिहिणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. आता उंदीर पहिल्याच ओळीत येतात, संपादक कुरकुरले तरी.

आणि हो, हेही मी मराठीतच लिहिते आहे. सुखदा मराठी वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे — पुन्हा लपायची जागा बघूनच बसले ना मी? तर रविवारी धारला जाणार आहे. त्याच खोलीत तिला समोर बसवून हे मोठ्याने वाचणार आहे. तुझी आई भ्याली नव्हती, तिची बॅग भरलेली होती, ती मी रिकामी करायला लावली — हे वाक्यसुद्धा.