सुतकातले थर्मास

माझ्या सासूबाई आयर्लंडमध्ये वर्षभर घराबाहेरच्या चहाविना राहिल्या, यात या देशाचा काही दोष नाही. कुणीही विचारलं की त्या "नको नको" म्हणायच्या आणि लोक त्यांच्यावर विश्वास ठेवायचे. मिरजेत पहिला नको धरायचा नसतो. समोरच्याने "असं कसं, अर्धा कप तरी" म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा कप हातातच आला की "कशाला उगाच त्रास" म्हणत प्यायचा. मी पुण्याची. आमच्याकडे पहिल्या नकोवर समाधान मानतात, असं सासूबाईंचं लग्नापासूनचं मत आहे. इथले जुने लोकही आपल्यासारखाच आग्रह करतात म्हणे, पण आग्रह करायला घर लागतं आणि तेव्हा करोनामुळे कुणाच्या घरात जायलाच बंदी होती.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्या माझ्या बाळंतपणासाठी डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनला आल्या आणि मागोमाग विमानं बंद झाली. हिवाळ्यात जायची सोय झाली तेव्हा मिरजेहून सासऱ्यांचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकला. "आत्ता येऊ नकोस. इथं काय आहे? नात सांभाळ तिथं." सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या. मला हायसं वाटलं, कारण मी कामावर गेल्यावर मुलीला बघायला दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी वसंतात आमच्या कोपऱ्यावर एक येमेनी कॉफी हाउस उघडलं. सगळं बंद असताना दुकान उघडणारा माणूस कोण, हे बघायलाच मी गेले. आत खुर्च्या एकावर एक रचलेल्या, दारात टेबल आडवं लावलेलं आणि फुटपाथवर दोन-दोन मीटरवर आम्ही गिऱ्हाइकं. मालक एडनचा, पन्नाशीचा, मास्कमधूनही हसलेला कळायचा. माझ्या पुढच्या आयरिश आजींनी फ्लॅट व्हाइट कॉफी मागितली. त्याने ती दिली आणि वर एका छोट्या कपात काहीतरी पिवळसर दिलं. आजींनी चाखलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "तब्येतीला चांगलं असणार." चव आवडली नाही की इथे असंच म्हणतात.

पण तिथे दूध, वेलची आणि लवंग एकत्र उकळल्याचा वास येत होता. या देशात माझ्या स्वयंपाकघराबाहेर हा वास मला पहिल्यांदाच आला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना शाल, कोट, टोपी, मास्क असं सगळं चढवून घेऊन गेले.

"चहा?" मालकाने विचारलं.

"नको नको," सासूबाई म्हणाल्या.

मी पर्स उघडली, म्हटलं आपला एक तरी घ्यावा. तर त्याने छातीवर हात ठेवून पुन्हा विचारलं. सासूबाईंनी मान हलवली. त्याने तिसऱ्यांदा काही विचारलंच नाही, सरळ कप पुढे केला. सासूबाई मराठीत म्हणाल्या, "कशाला उगाच त्रास," आणि फुटपाथवर उभ्या राहून सगळा प्यायल्या. मला तेव्हा हसावं की रडावं कळेना. वर्षभर मी घरी आलं किसून चहा करत होते, त्याला कधी बरं म्हटलं नव्हतं बाईंनी. याला म्हणाल्या, "बरा आहे. साखर कमी आहे."

मग रोजचंच झालं. तो पिवळा प्रकार म्हणजे कॉफीची टरफलं सुंठीबरोबर उकळलेली, असं त्याने सांगितलं आणि मी ते मराठीत सांगितलं. सासूबाई दचकल्या. "अगो बाई, टरफलं आपण प्यायची, मग बिया कुणाला?" हे मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "बिया आम्ही जगाला विकल्या." सासूबाईंना हे पटलं. आमच्याकडेही चांगला हापूस बाहेरच जातो, म्हणाल्या.

मे महिन्यात सासरे गेले. ताप आला, दवाखान्यात जागा मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि मग फोन आला तो पुतण्याचा. सगळं त्यानेच केलं, लांबून. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर जेवढं दाखवलं तेवढं पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं नाही. त्या रडल्याही नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, मुलीचे मोजे जोडीला जोडी लावत राहिल्या आणि ताट पुढे केलं की "नको" म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, पुण्याची असून. नको म्हणजे या वेळी खरंच नको होतं. त्या अशाच बसून संपतील अशी मला भीती वाटायला लागली. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घ्यायचे.

दूध आणायला बाहेर पडले तेव्हा मालकाने हाक मारली, "आई कुठे आहेत?" मी सांगितलं. त्याने मास्कवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. पायरीवर स्टीलचा थर्मास आणि तो फाटकाशी, दोन मीटर मागे. त्यांच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चहा शेजाऱ्यांनी करायचा, म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच. सासूबाई म्हणाल्या, "नको." चहा मी प्यायले. पुढच्या सकाळी दुसरा थर्मास आला. "नको." तिसरा आला तेव्हा त्यांनी झाकण स्वतः उघडलं, वास घेतला आणि त्यात बोटभर पोळी बुडवून खाल्ली. नवरा दारामागे उभा राहून बघत होता. त्याला वाटलं मला दिसत नाही.

थर्मास मात्र परत जाईनात. मी एक धुऊन उचलला तर सासूबाई म्हणाल्या, "रिकामं भांडं परत देतात होय?"

"मग त्यात लाडू घालून देते दोन."

"सुतकातलं देतात होय कुणाला?"

"मग काय करायचं आई?"

"थांबायचं."

थांबलो. खिडकीतल्या प्रेसवर, कपाटाला इथे प्रेस म्हणतात, थर्मासांची रांग वाढत गेली. त्या माणसाला तोंडावर मागायचा संकोच, आणि मला हे सगळं इंग्रजीत सांगायचा कंटाळा. त्याचे स्टीलचे संपले. मग एक चौकटीचौकटीचा लाल थर्मास आला, तो फ्लॅट व्हाइटवाल्या आजींचा निघाला. शेवटी शेवटी काचेच्या बरणीत, टॉवेलात गुंडाळून चहा यायला लागला. रांगेतल्या एका बाईने मला विचारलं, तुमच्याकडे थर्मास जमा करायची मोहीम आहे का हो, सगळ्या डब्लिनचे थर्मास तुमच्या खिडकीत दिसतात.

तेरावं झालं. सकाळी उठून बघते तर सासूबाई ओट्याशी. मोठ्या पातेल्यात चहा, किसलेलं आलं, गवती चहाच्या जागी काहीच नाही कारण तो मिळत नाही, आणि साखर त्यांच्या हाताची. सगळे थर्मास भरले, बरणीसुद्धा. बाळाच्या ढकलगाडीत ते ठेवले आणि बाळ माझ्या कडेवर.

त्या आठवड्यात बाहेर बसायला परवानगी मिळाली होती. मालकाने फुटपाथवर टेबलं मांडली होती. आपले थर्मास परत आलेले बघून त्याचा जीव भांड्यात पडला असणार, पण दाखवलं नाही. सासूबाईंनी कप मागून घेतला, चहा ओतला आणि पुढे केला. त्याने छातीवर हात ठेवला. गिऱ्हाइकं आहेत, नंतर घेतो, म्हणाला. सासूबाईंनी पुन्हा पुढे केला. त्याने मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी कप त्याच्या हातातच दिला आणि तो उभ्याउभ्या प्यायला.

सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. मग खुर्चीत बसल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "यांनी येऊ नकोस म्हटलं. एकदाच म्हटलं. मी बरं म्हणून फोन ठेवला. परत विचारलं नाही गं मी."

आणि मग त्या रडल्या. मास्क भिजला तो काढून रडल्या, फुटपाथवर, सगळ्या रांगेसमोर. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी फोन स्पीकरवर होता आणि मीही काही बोलले नव्हते.

मालकाने मला हळूच विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, चहात साखर कमी पडली.

तो आत गेला, स्वतःच्या पातेल्यातला कप भरून आणला, त्यात दोन चमचे साखर ढवळली आणि त्यांच्यापुढे धरला. "चहा?"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि पहिल्याच विचारण्याला हात पुढे केला.