मोजपट्टीची पायवाट

नकाशे काढायच्या कचेरीत सारा जन्म काढलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराची काय दशा होते, हे पाहायचं असेल त्याने मोजपट्टीच्या घरी जावं. मोजपट्टी हे नाव कचेरीतल्यांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचा अभिमानही होता. आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं?

निवृत्तीनंतर त्याची वक्रदृष्टी घरामागच्या बागेवर पडली. बाग बायकोची. फुटक्या बादल्यांत आणि तेलाच्या डब्यांत लावलेली झाडं, मधे गवताचे झुपके, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून कुंपणाजवळच्या मोगऱ्यापर्यंत तिच्याच पायांनी पडलेली एक वाकडी वाट. संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन त्या वाटेने जायची आणि मोगऱ्यापाशी उपड्या बादलीवर बसायची. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता.

"ही बाग आहे का भंगाराचं दुकान?" मोजपट्टी म्हणाला. "बघ कसं रूप पालटतो. अगदी सोपं असतं. लोकांना अक्कल नसते एवढंच."

अक्कल याला होती! डबे, बादल्या भंगारात गेल्या. वाफ्यांच्या कडेने तिरप्या विटा बसल्या. उंच झाडं मागे, बुटकी पुढे. मोगरा तेवढा हलवता आला नाही म्हणून वाचला. खोटं कशाला बोला, इथवर बरं दिसत होतं. मग त्याने वाकडी वाट खणून टाकली, सगळीकडे मऊ हिरवं गवत लावलं आणि त्यात चौकोनी फरश्या बसवल्या. दोरी धरून, सरळ रेषेत, शेवटी एक काटकोन. दोन फरश्यांमधलं अंतर मात्र घेतलं स्वतःच्या ढांगेचं. हा ताडमाड, बायको त्याच्या खांद्याला न लागणारी, त्यात तिचा एक गुडघा धरलेला. इतक्या वर्षांच्या संसारात याने जगातलं सगळं मोजलं, शेजारी चालणारं माणूस सोडून.

पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या फरशीवर पोचताना तिच्या हातावर चहा सांडला.

"अहो, जरा लांब पडतंय."

"लांब कसलं? पाऊल नीट टाक. आणि गवतावर पाय देऊ नकोस, मरेल ते."

ती वळली आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती ओट्यापाशी उभ्यानेच चहा पिऊ लागली. गाढवाला गुळाची चव काय, असं मोजपट्टीला वाटलं. पाहुण्यांना मात्र तो हौसेने बाग दाखवायचा, तीही दारातूनच, कारण पाहुण्यांनाही पाय होते.

काही महिन्यांनी गवतात एक पिवळा पट्टा दिसू लागला. मोजपट्टी नर्सरीवाल्यावर उखडला, "रोगट गवत गळ्यात मारलंस!" नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, मांजर येत असेल." मग हा काठी घेऊन मांजराची वाट बघत बसू लागला. पण दुपारचं जेवण झालं की त्याच्या घशातून करवत सुरू व्हायची. असल्या पहारेकऱ्याला मांजर काय, हत्तीही सापडला नसता.

म्हातारपण कुणाच्या मापाने येत नाही. त्याचेही गुडघे कुरकुरू लागले. एका संध्याकाळी तो फरश्यांवरून निघाला आणि मधेच अडकला. पुढची फरशी पायाला पोचेना, मागची दिसेना. बगळ्यासारखा उभा राहून त्याने हाक मारली, "अगं, ऐकलंस का?"

ती कप घेऊन दारात आली. थोडा वेळ तिने त्याला डोळे भरून पाहून घेतलं. मग म्हणाली, "गवतावर पाय द्या."

"मरेल ना ते!"

"काही मरत नाही. मी रोज दुपारी जाते की तिथून. तुम्ही घोरायला लागलात की निघते."

मोजपट्टीने खाली पाहिलं. पिवळा पट्टा स्वयंपाकघराच्या दारापासून निघून थेट मोगऱ्यापर्यंत गेला होता. तीच वाट, तशीच वाकडी. जन्मभर नकाशे काढले आणि घरातली एक वाट ओळखता आली नाही! त्याने निमूटपणे गवतात पाय टाकला.

तोवर ती त्याच्या शेजारून पुढे निघून गेली होती. तिने मोगऱ्यामागे हात घातला, लपवून ठेवलेली बादली काढली, उपडी केली आणि तीवर बसून चहाचा घोट घेतला. तो कसाबसा तिथवर पोचला आणि बसायला काही मिळतं का ते पाहू लागला.

बाकीच्या बादल्या त्यानेच भंगारात दिल्या होत्या. तो उभाच राहिला.