नव्या पॅटर्नचं मंगळसूत्र

माझ्या मोठ्या जावेबद्दल, शर्मिलाबद्दल, चांगलं बोल असं मला कोणी सांगू नये. इकडे हिंदी मुलखात, रांझीत, आम्ही एकाच घरात राहतो. ती खाली, मी वर, आणि तिच्या टीव्हीचा आवाज माझ्या जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

लग्न होऊन अमरावतीहून आली तेव्हा साधी पोरगी होती. भाऊजी कारखान्यात जायचे, हिला करमायचं नाही, म्हणून टीव्ही लावायची. पुढे टीव्ही सांगेल तसं घर चालू लागलं. हिंदी मालिकेतल्या सासूने पडदे बदलले की आमचेही उतरले. नायिकेच्या ब्लाउजला पाठीवर लटकन आले की शर्मिला पन्नाशीत लटकन हलवत भाजी आणायला निघाली. आमच्यात वटसावित्री असते, हिने करवा चौथही सुरू केली. शेजारणी धरतात म्हणून धरली असती तर मी गप्प बसले असते. हिला फक्त ती चाळणी हवी होती. भाऊजी रात्रपाळीला जायच्या घाईत डबा हातात घेऊन गच्चीवर उभे, आणि ही चाळणीतून बघतेय! वरून गल्लीतल्या बायका हिलाच विचारून साड्या घेतात. मला त्याचा जास्त संताप येतो.

मग तिच्या विपुलचं लग्न झालं आणि दुर्वा आली. पहिल्याच दिवशी पोरीने सासूला ‘आई’ म्हटलं.

‘‘आई नको म्हणू, गावठी वाटते,’’ शर्मिला म्हणाली. ‘‘मम्मीजी म्हण.’’

दुर्वाची आई लग्नाच्या आधीच वारली होती. सवाष्ण गेली. मंगळसूत्रात एक वाटी सासरची आणि एक माहेरची असते. दुर्वाच्या बेबीमावशीने आईच्याच मंगळसूत्रातली वाटी सांभाळून ठेवली होती, ती माहेरची म्हणून ओवली. त्या वाटीला बारीक पोचा होता. दुर्वा तान्ही असताना आईच्या मांडीवर बसून वाटी चावायची, तिच्याच दाताचा तो पोचा. कामात असली तरी तिचं बोट सारखं त्यावर जायचं.

शर्मिलाला त्या दोन वाट्या खुपायच्या. मालिकेतली सून नाजूक साखळीत एकच खड्याचं पदक घालायची. संक्रांतीला सुनेचं पहिलं हळदीकुंकू, सगळी गल्ली येणार, तेव्हा दुर्वाच्या गळ्यात तेच हवं, असं हिने ठरवलं.

‘‘माझी वाटी तेवढी ठेवा, मम्मीजी,’’ दुर्वा म्हणाली. मी तिथेच तीळ निवडत होते.

‘‘हो गं बाबा, ठेवते,’’ असं म्हणून शर्मिला मंगळसूत्र घेऊन घमापूरच्या सोनाराकडे गेली. तिथे एका वाटीत पदक होईना, म्हणून हिने दोन्ही आटवायला सांगितल्या. हे तिने घरी सांगितलंच नाही. दुर्वाला वाटलं, वाटी सासूच्या कपाटात आहे.

हळदीकुंकवाला बेबीमावशी नागपूरहून मुद्दाम आली. दुर्वाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे वाटीला लावायला बोट पुढे नेलं. वाटी नव्हती. बोट तसंच राहिलं.

‘‘ताईची वाटी कुठाय?’’

‘‘मम्मीजींकडे आहे,’’ दुर्वा म्हणाली.

शर्मिला हसली. ‘‘अच्छा, ते? अहो, त्याचंच तर हे बनवलं! सीरियलवाला पॅटर्न आहे. सोनं तर सोनंच असते ना!’’

 दुर्वाने सगळ्या सवाष्णींच्या देखत मंगळसूत्र काढलं आणि सासूच्या हातात ठेवलं. ‘‘घ्या. हे तुमचंच आहे.’’

‘‘काहून तमाशा करून राहिली? लोक बघून राहिले!’’ शर्मिला ओरडली. मालिकेत अशा वेळी सून रडत पाया पडते. शर्मिला त्याचीच वाट बघत उभी होती. दुर्वा मावशीचा हात धरून आत गेली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बेबीमावशीने जायच्या आधी ग्वारीघाटावरून काळे मणी आणले आणि दोऱ्यात ओवून दिले. दुर्वा आता तेच घालते. सोन्याचा कणही नाही.  मग कोणी विचारलं की शर्मिला सांगू लागली, ‘‘आजकाल साधंच चालते. माझी सून हटके आहे.’’

गल्लीने ते लगेच उचललं. परवा समोरची गीतांजली वर माझ्याकडे आली. दुर्वा माझ्यासोबत वाटाणे सोलत होती. गीतांजलीने तिच्या गळ्यातला दोरा बोटाने उचलून बघितला.

‘‘कित्ती मस्त दिसतं! मलाही असंच करायचंय. काय काय लागतं गं?’’

दुर्वाने हातातली शेंग सोलून संपवली.

‘‘आधी आई मरावी लागते, दीदी,’’ ती म्हणाली. ‘‘बाकीचं मम्मीजी करून देतात.’’