हा तुकडा कुणाचा?

वॉटर्लूहून लंडनला जायचं ठरलं ते बाबांच्या हट्टापायी. लंडन म्हणजे आपलं कॅनडातलं, ओंटारिओमधलं. तिथल्या एका लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये रशियन साहित्यातल्या युद्धकैद्यांवर भाषण होतं. बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेत. त्यांचे वडील, आबा, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते आणि त्याबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. "आम्हाला सांगावंसंच वाटलं नाही त्यांना," हे बाबांचं जुनं दुखणं.

४०१ हायवेवरून सव्वा तास लागतो. मार्चअखेर आहे म्हणून विंटर टायर काढायची घाई करू नका, आम्हाला वाटेत बर्फ लागलंच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच खाल्ली. भाषण आणि पार्किंग दोन्ही फुकट.

श्रोते मोजून अकरा. बोलणाऱ्या बाई मूळच्या रशियाच्या, निवृत्त प्राध्यापिका. मी बाबांच्या कानात मराठी करून सांगत होते. बाई म्हणाल्या, या कथांमधल्या कैद्याचे खरे हाल घरी परतल्यावर सुरू होतात. जो तो विचारतो, तू जिवंत कसा राहिलास? मग तो गप्प होतो.

पुढे त्यांनी जर्मनांच्या छावणीत कैदी आपसात पाव कसा वाटून घेत ते सांगितलं. तुकडे मांडायचे. एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्याने तुकड्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, त्याचा तो तुकडा.

बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, आबा गूळपोळी अशीच वाटायचे."

भाषणानंतर ते बाईंपाशी गेले, मी दुभाषी. आबांची कैद, त्यांचं न बोलणं, गूळपोळी, सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "आम्हाला तो खेळ वाटायचा. पंधरा वर्षांचा असताना मी म्हणालो, पुरे आता, आपण काय उपाशी आहोत? त्यानंतर त्यांनी कधीच तशी गूळपोळी वाटली नाही."

"किती वर्षं खेळलात?" बाईंनी विचारलं.

"सात-आठ."

"मग सांगितलं की त्यांनी तुम्हाला. तिथून घरी आणण्यासारखी एवढी एकच गोष्ट असते."

बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. बाई गडबडल्या. मला त्यांचे किती आभार मानू असं झालं होतं.

परतताना अर्ध्या रस्त्यात बाबांनी चहा मागितला. घरी आल्यावर माझ्या लेकीला, सईला, आबांची गोष्ट सांगितली, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि केकचे तुकडे मांडले. "धिस इज सो वीअर्ड, आजोबा," ती म्हणाली, पण नावं घेत गेली.

दुसऱ्या दिवशी पोहे होते. त्यांचे कसले तुकडे करणार? तरी सई आपणहून भिंतीकडे वळून उभी राहिली. बाबांनी एका बशीवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

एरवी इंग्रजीतच बोलणारी सई म्हणाली, "आबांची."